पहिल्या झाडाखालची मुंगी

एका जंगलात, आता कुठल्या ते विचारू नका, गोष्टीतल्या जंगलाला पत्ता नसतो, तर अशा एका जंगलात साळू नावाची एक साळिंदरीण राहत होती. साळिंदर म्हणजे काय ते माहीत आहे ना बाळांनो? अंगभर काटे असतात तो प्राणी. नाही माहीत? मग शाळेत दिवसभर करता तरी काय?

असो. तर ही साळू पानकरीण होती.

पानकरीण म्हणजे काय ते नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही. त्या जंगलात सगळी कामं मुंग्या करायच्या. मध आणा, गवत वाहा, पाठ खाजवा, पिल्लांना झोके द्या. मुंग्या रजा मागत नाहीत, तोंड वर करून बोलत नाहीत. फक्त त्यांना अक्कल नसते. सांगितलं तेवढंच करतात आणि सांगितलं तस्संच करतात. म्हणून सांगताना फार जपून सांगावं लागायचं. पळसाच्या पानावर काट्याने हुकूम कोरायचा आणि ते पान वारुळाच्या तोंडाशी खोचायचं. रोज सकाळी मुंग्या पानं वाचायच्या आणि कामाला लागायच्या. असे हुकूम लिहिणारे ते पानकरी. साळूच्या अंगावर काटेच काटे, त्यामुळे लेखणीची तिला कधी ददात पडली नाही.

हुकूम ज्या भाषेत लिहायचे तिला मुंगाळी म्हणत. ती तयार केली होती खवलोबाने. खवलोबा हा खवले मांजर, आणि खवले मांजर मुंग्या खातं. हसू नका रे. मुंग्यांची ज्याला आतून ओळख आहे त्यानेच त्यांची भाषा करावी, असं जंगलाचं मत पडलं. खवलोबाने साडेतीन दिवसांत भाषा उरकली, आणि पुढची बारा वर्षं तो कौतुक करून घेत होता.

आता साळूच्या घरचं सांगतो. तिच्या बिळात तिचे आबा राहायचे. आबांची एकच तक्रार होती. पोट साफ होत नव्हतं. मोठी माणसं हा विषय चारचौघांत काढत नाहीत आणि घरात दुसरा विषय काढत नाहीत. आबा सकाळी उठले की पोटावरून हात फिरवत, कण्हत बसायचे, आणि साळूचा जीव खालीवर व्हायचा. तिची आई ती लहान असतानाच गेली. आबांनी एकट्याने तिला वाढवलं, स्वतःच्या पाठीचे काटे उपटून तिच्या हातात दिले आणि अक्षरं गिरवायला शिकवलं. आबांना बरं वाटावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी काही नाही.

घोरपड वैदीण येऊन पोट दाबून गेली. म्हणाली, "रोज सकाळी एक हिरडा कुटून चाटवा. आठ दिवसांत फरक पडेल."

"आबा, तुम्ही आता हलायचं नाही," साळू म्हणाली. "मी सगळी व्यवस्था करते."

बिळाबाहेर झाडांची एक रांग होती. पहिलं जांभूळ, त्याच्याच बुंध्याशी मुंग्यांचं वारूळ. दुसरा बेहडा. तिसरा हिरडा. चौथा बिब्बा. साळूने पान घेतलं आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'रांगेतल्या तिसऱ्या झाडाचं एक फळ आणा. कुटा. आबांच्या पुढ्यात ठेवा.'

सकाळी मुंग्यांनी फळ आणलं, कुटलं, पुढ्यात ठेवलं. आबांनी मोठ्या विश्वासाने चाटलं. आणि घटकाभरात त्यांचे ओठ वांग्यांसारखे टरारून फुगले. मुंग्यांनी बिब्बा आणला होता. बिब्बा कातडीला लागला तरी फोड येतात, जिभेला लागल्यावर काय होत असेल! आबा आठ दिवस बोलू शकले नाहीत. नुसते लेकीकडे बघायचे. ते बघणं साळूला सोसेना.

ती तडक कट्ट्यावर गेली. कट्टा म्हणजे बिब्ब्याच्या पलीकडचा सपाट खडक. दुपारी सगळे पानकरी तिथे जमायचे आणि भाषांमधल्या खोडी काढायचे. कामं मुंग्या करत असल्यामुळे त्यांना वेळ भरपूर होता.

"मी तिसरं लिहिलं आणि त्यांनी चौथ्याचं आणलं!" साळू धापा टाकत म्हणाली.

"बरोबरच आणलं," सुगरण म्हणाली. सुगरण म्हणजे ती घरटं विणणारी चिमणीएवढी पाखरीण. कट्ट्यावर तिचा शब्द शेवटचा असायचा. "मुंगाळीत मोजणी शून्यापासून होते. जांभूळ म्हणजे शून्यावं झाड. बेहडा पहिलं, हिरडा दुसरं, बिब्बा तिसरं. तू तिसरं मागितलंस. चूक कोणाची?"

"अहो ताई, पण माझे आबा..."

"आबांचं ऐकून फार वाईट वाटलं. चूक कोणाची?"

"शून्यावं झाड म्हणजे काय असतं?" साळू चिडली. "जांभूळ काय नाही का तिथे? मी लहानपणी त्यावरून पडले आहे!"

कट्ट्यावर कुजबुज झाली. नवीन आहे, कळेल हळूहळू, असं सगळ्यांनी एकमेकांना नजरेने सांगितलं. मग एकेकाने समजावून दिलं. कोणी म्हणालं, मुंगी ज्या झाडाखाली उभी असते तिथवर ती चाललेलीच नसते, म्हणून ते शून्य. कोणी म्हणालं, शून्य हे सगळ्याचं मूळ आहे आणि खवलोबा पोहोचलेला पुरुष आहे. या एका शून्यावर कट्ट्याने आजवर नऊ उपपत्ती मांडल्या होत्या, आणि दहावीवर काम चालू होतं.

"म्हणून मी मुंगाळी वापरतच नाही," रानबोका मध्येच म्हणाला. त्याचं नाक बोराएवढं सुजलेलं होतं. तो हुकूम द्यायचा गांधीलमाश्यांना. त्यांची भाषा फार कडक. हे फळ आहे, ते गोल आहे, ते माझं आहे, ते घेऊन तुम्ही परत येणार आहात, असं सगळं आधी लिहून द्यायचं. यातलं एक राहिलं की माशी येऊन नाकावर डसते. "चूक झाली की तिथल्या तिथे कळते," नाकाला जपत बोका म्हणाला. "यात एक समाधान आहे, ते तुम्हाला नाही कळायचं."

"त्यापेक्षा माझी विणाळी बरी," सुगरण म्हणाली. तिची स्वतःची वेगळी भाषा होती. तीत पानाच्या काठापासून चार काड्यांएवढी जागा सोडून लिहावं लागे. साडेतीन काड्या सोडल्या तर हुकमाचा अर्थ बदले आणि घरटं उलटं विणलं जाई.

"उलटं घरटं म्हणजे अंडी खाली पडणार!" साळू म्हणाली.

"ज्याला चार काड्या मोजता येत नाहीत त्याने अंडी घालू नयेत," सुगरण म्हणाली.

शेवटी एका म्हाताऱ्या सशाने साळूला बाजूला घेतलं. "अगं पोरी, कशाला वाद घालतेस? आम्ही सगळे एक कमी लिहितो. तिसरं हवं असलं की दुसरं लिहायचं. तूही तसंच लिही आणि मोकळी हो."

साळूने घरी जाऊन 'तिसऱ्या'चं 'दुसऱ्या' केलं. दुसऱ्या दिवशी हिरडा आला. आबांचे ओठ उतरले, पोटालाही उतार पडला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण साळूच्या मनातून आबांचं ते फुगलेलं तोंड जाईना. आज माझे आबा, उद्या आणखी कुणाचे. भाषेत खोट आहे, तर ती काढायला नको? ती रोज दुपारी कट्ट्यावर जाऊन भांडायला लागली. सहा महिने भांडली. या सहा महिन्यांत आबांशी ती धड दोन वाक्यंही बोलली नाही, कारण तिला आबांची फार काळजी होती.

शेवटी ती थेट खवलोबाकडे गेली. म्हातारा बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडला होता.

"काका, खरं सांगा," साळू हात जोडून म्हणाली. "मोजणी शून्यापासून का ठेवलीत?"

खवलोबाने आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं. "कोणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"मी भाषा शिकवायला मुंग्या ओळीने उभ्या केल्या होत्या. एकेका झाडाखाली एकेक. पहिल्या झाडाखाली पहिली, दुसऱ्याखाली दुसरी, अशा. प्रत्येकीने आपला आकडा पाठ करायचा." म्हातारा खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी मी सकाळपासून उपाशी होतो गं."

"मग?"

"मग काय! पहिल्या झाडाखालची मुंगी मी खाल्ली. पहिला आकडा दुसऱ्या झाडाखालच्या मुंगीच्या वाट्याला आला, आणि पुढचं सगळं एकेकाने सरकलं. जांभळाचा आकडा सांगायला कोणी उरलंच नाही."

नऊ उपपत्ती! साळूला हसावं की त्याच्या अंगावर काटे सोडावेत, तेच कळेना.

"आता दुरुस्त करता येईल?" तिने विचारलं.

"करीन की. एका दुपारचं काम आहे. या वेळी जेवून येतो."

आणि खरंच, खवलोबा पोटभर वाळवी खाऊन आला. त्याने मुंग्या पुन्हा ओळीने उभ्या केल्या, कोणालाही न खाता पुन्हा शिकवलं. जांभूळ पहिलं, बेहडा दुसरा, हिरडा तिसरा. साळूने जंगलभर दवंडी पिटली. उद्यापासून मोजणी सरळ! आपापली जुनी पानं बदलून घ्या हो! त्या दिवशी ती फार समाधानाने झोपली.

जुनी पानं किती जणांनी बदलली असतील? सांगा बघू. बरोबर. एकानेही नाही. त्यातली निम्मी पानं बारा वर्षांपूर्वीची, अक्षरं पुसट झालेली, ती वाचता कोणाला येत होती? आणि साळूने? तिने जगाला सांगितलं आणि स्वतःचं पान बदलायला विसरली. हसताय काय? सगळे शहाणे असेच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलात जी बोंबाबोंब झाली, तिला तोड नाही. तरसाच्या गुहेत हिरवागार गवताचा भारा येऊन पडला. शेजारच्या भेकराच्या दारात हाडकं पडली, आणि भेकर ती बघून भोवळ येऊन त्यांच्यावरच आडवं झालं. अस्वल रोज पाठीच्या एका ठरावीक मणक्याशी खाजवून घ्यायचं. मुंग्यांनी त्याच्या वरच्या मणक्याशी खाजवलं. खाज तशीच राहिली, वर गुदगुल्या व्हायला लागल्या, आणि ते बिचारं एकाच वेळी हसत आणि शिव्या देत ओढ्यापर्यंत लोळत गेलं.

एक उंदीर तावातावाने साळूकडे आला. "रोज माकडांचं धान्य चुकून माझ्या दारात पडायचं. बारा वर्षं पडतंय. त्या चुकीवर मी संसार मांडला, अकरा पोरं झाली. आता तुम्ही चूक दुरुस्त करून बसलात. माझ्या पोरांनी खायचं काय?"

"मी तर गांधीलमाश्यांना सांगतो, माझं काही बिघडायचं नाही," असं रानबोका सांगत होता, तोवर त्याच्या अंगावर मेलेला मासा पडायच्या ऐवजी जिवंत खेकडा पडला. चौकशी केली तेव्हा कळलं, गांधीलमाश्या त्याचा हुकूम घेऊन कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि तिथून पुढे मुंग्यांनाच काम द्यायच्या. सुगरणीची विणाळीही आतून मुंगाळीच निघाली. यावर दोघंही दिवसभर काही बोलले नाहीत. तेवढीच काय ती शांतता.

आणि आबा? आबांनी त्या सकाळी चाटला बेहडा. त्यातली बी कुटलेली पोटात गेली आणि आबांना गरगरायला लागलं. साळू घरी आली तेव्हा आबा भिंतीला धरून बसले होते.

"साळे," ते म्हणाले, "बीळ फिरतंय का गं?"

साळूला रडू फुटलं. ती तशीच कट्ट्यावर धावली आणि म्हणाली, "चुकलं माझं. होतं तसं करा. आजच्या आज करा."

सगळे लगेच तयार झाले. पण होतं तसं करायचं म्हणजे खवलोबाने पुन्हा पहिली मुंगी खायला हवी, हे साळूला आता सांगावंच लागलं. ही गोष्ट बोलता बोलता मुंग्यांच्या कानावर गेली. मुंगीला अक्कल नसते म्हणालो ना मी, ते एवढ्यापुरतं मागे घेतो. ओळीत पहिली उभी राहायला एकही मुंगी तयार होईना. प्रत्येक मुंगी दुसरीच्या मागे जाऊन उभी राहायला लागली. जी पुढे राहायची ती वळून शेवटच्या मुंगीच्या मागे जायची. असं करता करता ओळीचं टोक ओळीच्या शेपटाला मिळालं आणि सगळ्या मुंग्या जांभळाभोवती गोल गोल फिरायला लागल्या. पहिली कोणीच नाही, शेवटची कोणीच नाही. पानं वाचायला थांबणार कोण? एकूण एक कामं बंद पडली.

कट्ट्यावर बैठक बसली. मुंग्यांचं फिरणं हा दोष मानायचा की ती भाषेची नवी सोय मानायची, यावर पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सुगरण म्हणाली, आधी दोष या शब्दाची व्याख्या करू. तिसऱ्या दिवशी नवीन भाषाच करावी असं ठरलं, आणि तिची मोजणी कुठून सुरू करायची यावर मारामारी झाली. रानबोक्याने अर्ध्यापासून मोजा असं सुचवलं, म्हणजे दोन्ही पक्षांचं समाधान होईल.

साळू तिन्ही दिवस तिथेच होती. तिच्या डोळ्यांपुढून आबा हलत नव्हते. तीन दिवस झाले, हिरडा नाही. पोट ढोलासारखं झालं असेल. बेहड्यामुळे उठवत नसेल. आपल्या हाताने आपण आबांची ही दशा केली. ती घसा फोडून सांगत होती, "काहीही ठरवा, पण लवकर ठरवा हो! माझे आबा तिकडे तळमळतायत!"

"आम्हाला आबांची काळजी नाही का?" सुगरण म्हणाली. "म्हणूनच घाई नको."

तेवढ्यात ससा म्हणाला, "ते बघा कोण येतंय."

साळूने मान वळवली. बिळातून आबा बाहेर आले होते. एक हात कमरेवर, एक पोटावर. जांभळापाशी आले, गोल फिरणाऱ्या मुंग्यांना जपून ओलांडलं. बेहड्यापाशी आले, त्याच्याकडे रागाने बघितलं.

"आबा! पडाल!" साळू ओरडली आणि धावत सुटली. मागोमाग सगळा कट्टा धावला.

आबा हिरड्यापाशी थांबले. मान वर केली. एक फांदी वाकवली, हिरडा तोडला, दगडाने ठेचला आणि तोंडात टाकला.

मग सुगरण पुढे झाली. "आबा, हा कितव्या झाडाचा तोडलात?"

"हिरड्याच्या."

"ते झालं हो. पण कितव्या? तिसऱ्या की दुसऱ्या?"

आबांनी हिरडा या गालातून त्या गालात नेला. "हिरड्याचं झाड हिरड्यासारखं दिसतं, बाई. मोजायचं कशाला?"

"आणि चुकून बिब्बा हातात आला असता तर?" रानबोक्याने विचारलं.

"तर टाकून दिला असता."

कट्ट्याला यातलं काही पटलं नाही. बघून तोडणं ही काही पद्धत झाली नाही, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. साळूने मात्र मागे बिळाकडे बघितलं, मग हिरड्याकडे बघितलं. सहा महिने भांडले मी, तिच्या मनात आलं. सगळं जंगल उलटंपालटं केलं, आबांना दोनदा विष चाटवलं. आणि एकदाही उठून हा हिरडा तोडून आणला नाही. तिची तिलाच इतकी लाज वाटली की तिने आबांचे पाय धरले.

"आबा, चुकले मी."

"असू दे गं," आबा म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून, काटे चुकवून, हात फिरवला. "चाललो तर बरं वाटलं मला. पोटात काहीतरी हललं बघ. फार दिवस चाललोच नव्हतो."

"किती पावलं होती हो?" सुगरणीने सहज विचारलं.

"असतील चौदा."

साळूने डोळे पुसले. चालल्याने आबांना बरं वाटलं. म्हणजे आबांनी रोज चालायला हवं. म्हणजे रोज, न चुकता, कोणीतरी त्यांना चालवायला हवं. तिने पाठीचा एक काटा उपटला, पळसाचं पान ओढलं आणि लिहायला घेतलं, 'आबांना रोज सकाळी उचला. हिरड्यापर्यंत पावलं...' आणि तिचा हात थांबला.

"चौदा लिहू की तेरा?" तिने विचारलं.

तीन दिवसांचा थकवा सगळ्यांच्या तोंडावरून उतरला. सुगरण पंख झाडून पुढे सरकली. रानबोक्याने बसायला दगड ओढला. ससा म्हणाला, पहिलं पाऊल उचलायच्या आधी आबा उभे असतात, ते उभं राहणं मोजायचं की नाही ते आधी सांगा.

आबांचंही मत विचारायचं ठरलं. पण आबा चर्चेला थांबले नव्हते. ते मघाशीच करवंदीच्या जाळीमागे गेले होते, घाईघाईने.

तात्पर्य : समोरच्या झाडाचा हिरडा कधीही स्वतः उठून तोडू नये. तसं केल्याने पोट साफ होतं, पण ज्ञानात काडीचीही भर पडत नाही.